पडद्यामागचे दान : खेळ चालवणाऱ्याने गुपचूप नियम वाकवावेत का?

१/
टेबलाभोवती पाच जण बसले आहेत. चौघांसमोर आपापल्या पात्राचा कागद आहे, पाचव्यासमोर पुठ्ठ्याचा उभा पडदा. पडद्यामागे वीस बाजूंचा फासा गडगडतो आणि विसावर थांबतो. एका खेळाडूने दोन वर्षे जपलेले पात्र या दानाने जागच्या जागी मरणार आहे. पडद्यामागचा माणूस क्षणभर फाशाकडे पाहतो आणि म्हणतो, "वार हुकला."

२/
हे दृश्य 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांतले. खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात. उरलेले सारे जग, म्हणजे शत्रू, गावे, हवामान, योगायोग, एकटा गेम मास्टर चालवतो. पंच तोच, निवेदक तोच आणि शत्रूच्या वतीने फासे टाकणाराही तोच. पडलेले दान त्याने गुपचूप बदलावे का, हा वाद या खेळाइतकाच जुना, म्हणजे सुमारे पन्नास वर्षांचा आहे. पण पंचाच्या हाती इतका अधिकार आला कसा, याचे उत्तर दोनशे वर्षे मागे, प्रशियाच्या सैन्यात सापडते. हा धागा त्याविषयी.

३/
सुरुवात बुद्धिबळापासून. १७८० साली योहान हेलविग यांनी बुद्धिबळाचा पट वाढवून, त्यावर निरनिराळी भूमी आणि पायदळ, घोडदळ, तोफखाना मांडून एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. बुद्धिबळात दोन्ही पक्षांना सारा पट दिसतो, नशिबाला जागा नसते आणि त्यामुळे पंचाचीही गरज पडत नाही. खरे रणांगण या तिन्ही बाबतींत नेमके उलटे असते. पुढच्या पिढीने हीच उणीव भरून काढली.

४/
१८१२ साली गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याला युद्धखेळाचे एक खास टेबल करून दिले. त्यांचा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने वडिलांचा खेळ नकाशावर आणला आणि १८२४ साली नियमांचे पुस्तक छापले. नकाशाचे प्रमाण १:८०००, प्रत्येक चाल दोन मिनिटांच्या लढाईची, आणि गोळीबाराचा परिणाम ठरवण्यासाठी फासे व कोष्टके. सेनाप्रमुख फॉन म्युफलिंग प्रात्यक्षिक पाहायला आले तेव्हा साशंक होते. प्रात्यक्षिक संपेपर्यंत त्यांचे मत पालटले आणि त्यांनी हा खेळ साऱ्या सैन्याला शिफारस करून सांगितला.

५/
या खेळातली खरी नवलाई पंचाची होती. दोन्ही पक्षांचे अधिकारी आपले हुकूम लिहून त्याच्याकडे देत. कोणाची पलटण कोठे पोहोचली, कोणाला काय दिसले, हे तो ठरवी आणि परस्परांना दिसू शकतील एवढ्याच सोंगट्या नकाशावर मांडी. मूळ जर्मन नियमांत त्याला दिलेल्या नावाचा अर्थ 'विश्वासातला माणूस' असा होतो. दोन्ही पक्षांची गुपिते त्याच्याकडे, म्हणून हे नाव.

६/
येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा; पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे. राइसविट्झच्या पंचाने लपवायचे ते शत्रूचे ठिकाण. निकाल कसा लागतो, कोणत्या दानाला किती हानी, हे मात्र छापील पुस्तकात होते आणि कोणीही ते वाचू शकत होता. टेकडीपलीकडे काय आहे हे गुपित होते. टेकडीवर पोहोचल्यावर न्याय कसा होणार, हे गुपित नव्हते.

७/
पुढच्या पन्नास वर्षांत नियमांचे ओझे वाढले. १८७३ साली याकोब मेकेल यांनी तक्रार मांडली की कोष्टके चाळता चाळता खेळ रेंगाळतो आणि अनुभवी पंचाचे हात बांधले जातात. १८७६ साली युलियुस फॉन फेर्डी द्यु वेर्न्वा यांनी फासे आणि कोष्टके जवळजवळ मोडीतच काढली. पंचाने आपल्या लष्करी अनुभवावरून निर्णय द्यावा, एवढेच त्यांनी ठेवले. याला 'मुक्त युद्धखेळ' म्हणू लागले. नियम वाकवण्याचा अधिकार पंचाला येथे पुरता मिळाला. पण तो उघड होता. न्याय पुस्तक करणार नसून समोर बसलेला माणूस करणार, हे दोन्ही पक्षांना आधीच ठाऊक असे.

८/
हा विचार अटलांटिक ओलांडून गेला. १८८० साली अमेरिकी सैन्यातले चार्ल्स टॉटन यांनी 'स्ट्रॅटेगोस' हा युद्धखेळ प्रसिद्ध केला. खेळाडूने काहीही करू पाहावे आणि ते साधते की नाही हे पंचाने ठरवावे, ही कल्पना त्यात होती. सुमारे ऐंशी वर्षांनी हे विस्मृतीत गेलेले पुस्तक मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागले.

९/
१९६९ साली वेस्लींनी मित्रांसाठी नेपोलियनकालीन काल्पनिक जर्मन गाव मांडले. त्याचे नाव ब्राउनस्टाइन. सैन्याऐवजी प्रत्येकाला एकेक व्यक्ती आणि तिचा स्वतःचा हेतू दिला. थोड्याच वेळात खेळाडू परस्पर कट करू लागले. दोघांनी द्वंद्वयुद्धाची घोषणा केली. द्वंद्वाचा नियमच नव्हता, तेव्हा वेस्लींना तो जागीच रचावा लागला. खेळ हाताबाहेर गेला, फसला, असे त्यांना वाटले. मित्र मात्र पुन्हा कधी, असे विचारू लागले.

१०/
त्या मंडळीतले डेव्ह आर्नेसन यांनी १९७१च्या सुमारास 'ब्लॅकमूर' हे जादू आणि राक्षसांचे जग उभे केले. नियमांचा बराचसा भाग त्यांच्याजवळच असे. खेळाडूंनी काय करायचे ते सांगावे, परिणाम आर्नेसन सांगतील. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाचे गॅरी गायगॅक्स यांनी आर्नेसनसोबत या साऱ्याला लेखी रूप दिले आणि जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तीन पुस्तिका एका पेटीत बाजारात आल्या. पहिली आवृत्ती होती १००० प्रतींची.

११/
या प्रवासात एक मोठा बदल कोणाच्या फारसा लक्षात न येता घडून गेला. प्रशियाचा पंच दोन पक्षांमध्ये उभा असे. त्याने एकाला झुकते माप दिले तर दुसरा लगेच बोट ठेवी. नव्या खेळात दुसरा पक्षच उरला नाही. शत्रूही पंचाचाच. तेव्हा त्याने शत्रूचे दान कमी केले, तर तक्रार करणार कोण? पडदा जुनाच होता, पण त्याच्यामागे आता टेकडीपलीकडच्या शत्रूसोबत न्यायाचा तराजूही जाऊन बसला.

१२/
१९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्स यांनी यावर स्पष्ट लिहिले. दान बाजूला सारण्याचा पूर्ण अधिकार त्यांनी खेळ चालवणाऱ्याला दिला. खेळाडूने सारे शहाणपणाने केले आणि केवळ नशिबाने दगा दिला, तर मृत्यूऐवजी बेशुद्धी किंवा एखादा अवयव गमावणे यावर भागवावे, असे ते सुचवतात. मूर्खपणाने मरणाऱ्याला मात्र मरू द्यावे. आणि एक दान कधीही बदलू नये, असे ठासून सांगतात. ते कोणते? मेलेल्या पात्राला पुन्हा जिवंत करताना, त्याचे शरीर तो धक्का सोसते की नाही हे ठरवणारे.

१३/
पुढे लंबक कथेकडे झुकला. १९८४ पासून आलेल्या 'ड्रॅगनलान्स' साहसमालिकेत महत्त्वाच्या पात्रांचे मरण संदिग्ध ठेवण्याची सूचना होती. प्रेत सापडू देऊ नये, म्हणजे पुढे त्या पात्राला परत आणता येते. १९९१च्या 'व्हँपायर : द मास्करेड'ने तर चालकाला 'स्टोरीटेलर' असेच नाव दिले आणि कथेच्या आड येणारा नियम खुशाल टाकून द्यावा, हा आपला सुवर्णनियम मानला. कथा मोठी ठरली, फासा तिचा चाकर झाला.

१४/
या बाजूचे म्हणणे हलके समजू नये. गेम मास्टर माणूसच आहे. चार नवख्यांसमोर त्याने चुकून फार बलाढ्य शत्रू उभा केला, तर त्याच्या चुकीची शिक्षा त्यांनी का भोगावी? कोणी दिवसभर राबून, आठवड्यातली एकच मोकळी संध्याकाळ घेऊन आला आहे. पहिल्याच दहा मिनिटांत त्याला बाद करून कोपऱ्यात बसवायचे का? पडद्यामागे दान बदलणारे बहुतेक हात दयेनेच बदलतात.

१५/
पण दान बदलले की नेमके काय हरवते, हे पाहण्यासाठी पुन्हा युद्धखेळाकडे वळू. मे १९४२. जपानी आरमार मिडवे बेटावरच्या स्वारीची रंगीत तालीम 'यामातो' युद्धनौकेवर नकाशे मांडून करत होते. मिडवेवरून उडालेल्या अमेरिकी विमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर हल्ला केला, असा प्रसंग आला. पंच मासाताके ओकुमिया यांनी नियमाप्रमाणे फासा टाकला. निकाल : नऊ बॉम्ब अचूक; 'आकागी' आणि 'कागा' दोन्ही बुडाल्या.

१६/
तालमीचे सूत्रधार होते रिअर ॲडमिरल मातोमे उगाकी. त्यांनी नऊचे तीन केले. 'आकागी' किरकोळ नुकसानीवर बचावली, 'कागा' बुडाली. पुढच्या मोहिमेची तालीम सुरू झाली, तेव्हा तीच 'कागा' पुन्हा पटावर हजर झाली. युद्धानंतर ओकुमियांनीच हे लिहून ठेवले. ४ जून १९४२ रोजी लढाई जुंपली आणि जपानने त्यात चार विमानवाहू नौका गमावल्या. 'आकागी' आणि 'कागा' त्यांपैकी दोन.

१७/
ही कथा बहुधा 'फाशाने भविष्य सांगितले होते' अशा थाटात सांगितली जाते. तसे नव्हते. मिडवेवरून उडालेल्या विमानांचा एकही बॉम्ब त्या दिवशी विमानवाहू नौकांवर पडला नाही. घात केला तो अमेरिकी विमानवाहू नौकांवरून आलेल्या विमानांनी. म्हणजे नऊचे तीन करताना उगाकींचा अंदाज अगदी गैर नव्हता. चूक वेगळी होती. त्या दानाने एक प्रश्न पुढे ठेवला होता : आपल्या नौका गाफील सापडल्या तर काय? दान बदलले आणि त्या प्रश्नाचे गांभीर्यही त्याच्याबरोबर गेले. आणि हे तर सर्वांच्या देखत घडले होते.

१८/
टेबलावर कोणाची नौका बुडत नाही. पण दान तेथेही प्रश्नच विचारते : तुमचा सेनापती मेला, आता काय कराल? "वार हुकला" या दोन शब्दांनी तो प्रश्न खेळाडूंपर्यंत पोहोचतच नाही. आणि येथे तो गेला, हे कोणाला कळतही नाही. उगाकींवर निदान ओकुमियांना लिहिता तरी आले.

१९/
२०१४च्या 'डंजन मास्टर्स गाइड'चा सल्ला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. पडद्यामागे दान बदलता येते, पण फार वेळा बदलू नये, आणि बदलता हे कळू देऊ नये. नाहीतर खेळाडूंना धोका खरा वाटेनासा होईल, किंवा तुम्ही पक्षपात करता असे वाटेल. जी गोष्ट कळताच खेळ पोकळ होतो, ती पुरेशी लपवून करावी, असा याचा अर्थ. उलट व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये चालक फासे टाकतच नाही. फासे खेळाडू टाकतात, सर्वांसमोर. आणि चालकाने प्रामाणिकपणाला धरून बोलावे, हे नियमांतच लिहिले आहे.

२०/
इतिहासाच्या आधारे पाहता पंचाचे दोन अधिकार जुने आणि रास्त ठरतात. राइसविट्झचा : जे पात्राला दिसत नाही ते लपवावे. फेर्डींचा : नियम अपुरा पडला तर आपला निर्णय द्यावा, मात्र निर्णय आपला आहे हे सर्वांना ठाऊक असावे. पडलेले दान गुपचूप बदलणे या दोहोंपैकी कशातच बसत नाही. ते पहिल्याचा पडदा आणि दुसऱ्याचा अधिकार उसना घेते, पण दोहोंमागची अट पाळत नाही.

२१/
मग दयेला जागा नाही का? आहे, फक्त तिची वेळ फासा टाकण्यापूर्वीची. जो निकाल सोसवणार नाही, त्यासाठी फासा टाकूच नये. "या वाराने मरण येऊ शकते, माघार घ्यायची आहे का?" असे आधी विचारावे. शत्रू चुकून फार बलाढ्य झाला असेल तर पडद्यावरून मान वर करावी आणि म्हणावे, "माझा अंदाज चुकला, हे दान आपण सोडून देऊ." रंगाचा क्षणभर भंग होईल हे खरे. पण लपवलेली दया वर्षभराने उघडी पडली, तर त्या मेजावरचा मागचा प्रत्येक विजय संशयाने झाकोळतो आणि तो परत उजळत नाही.

२२/
आता पहिल्या दृश्याकडे या. फासा विसावर थांबला आहे. पडद्यामागच्या माणसाला मित्राला वाचवायचे आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. पण ते पात्र दोन वर्षे जपले ते समोरच्याने. त्याच्या मरणाचा निकाल काय करायचा, हे निदान त्याला विचारून व्हावे. राइसविट्झने या माणसाला 'विश्वासातला' म्हटले होते. नाव बदलले तरी जबाबदारी तीच आहे.

तुम्ही असे खेळ चालवत असाल, तर तुमच्या टेबलावर फासे पडद्याआड पडतात की उघड्यावर, आणि ते तसे का, हे खाली जरूर लिहा. धागा समाप्त.