पेजेचा वास येईल तिकडे वळा

तुम्ही सानगडीचे, म्हणजे भाताच्या मुलखातले. तेव्हा जपानातल्या एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, या गल्लीबोळांत हरवायचं भय नाही. भाजणाऱ्या वाम माशांचा धूर, गटार, ओलं लाकूड, घाम सगळं मागे टाका आणि शिजत्या पेजेचा वास आला की चित्रं छापणाऱ्याच्या घरात शिरा. साल साधारण 1833. लक्षात ठेवू नका, इथे कुणीच ते या आकड्यात मोजत नाही.

चपला बाहेर! आणि दार ओढून घ्या. वारा आला की कागद सुकतो, कागद सुकला की उस्ताद तापतो. आत असा उकाडा आहे की कामगार कमरेच्या फडक्यावर बसलेत. बाहेरून सोनमासे विकणाऱ्याची लांबलचक आरोळी येते. आत मात्र एकच आवाज, खस्स, खस्स, खस्स. उस्ताद मांडी घालून, ओणवा होऊन कागदाची पाठ घासतोय.

तुम्हाला वाटलं होतं, आल्या आल्या चित्रकार होकुसाईची लाट छापायला मिळेल. कसली लाट! तुमच्या हातात आलंय भांडं आणि पळी. "ढवळ," बारा वर्षांचा पोरगा सांगतो. तो तुमच्या आधी आलाय, म्हणून तोच थोरला. भांड्यात तांदळाच्या पिठाची खळ आहे. कोष्ट्याच्या घरी सुताला खळ देतात ती तुम्ही पाहिली असेल; इथे ती रंगात मिसळते आणि रंग कागदावर एकसारखा बसवते. गुठळी राहिली तर भांडं परत चुलीवर. तुमची राहिलीच आहे.

मग कागद. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचे हे ताव, सरस आणि तुरटीचं पाणी देऊन वाळवलेले. आदल्या दिवशी ओलवायचे, थप्पी लावायची, वर वजन ठेवायचं, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. एका खेपेला 200 ताव. या दमट हवेत काम रेंगाळलं तर थप्पीला बुरशी धरते, म्हणून इथे आळस कुणालाच परवडत नाही.

दुपारी तुम्हाला छपाईचे लाकडी ठोकळे कोरणाऱ्याकडे पिटाळतात. रस्त्यावर खांद्यावर कावड घेतलेले हमाल, भिक्षू, पालख्या. दोन तलवारी लावलेला कुणी समोरून आला तर निमूट बाजूला व्हा, सानगडीचा बाणा इथे नको. कोरणाऱ्याकडे नुसती ठोकठोक आणि रानचेरीच्या ताज्या भुश्श्याचा वास. चित्रकाराने पातळ कागदावर काढून दिलेलं चित्र फळीवर पालथं चिकटवायचं आणि कागदासकट कोरायचं, असा इथला रिवाज. मूळ चित्र त्यातच संपतं! चेहरे आणि केस मुरलेला माणूस कोरतो, रेषांमधलं नको असलेलं लाकूड नवशिके काढतात. रात्री दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवतात. उजेड एकवटून नेमका पटाशीच्या टोकाशी पडतो. प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा. ते सगळे पाठीवर बांधून परत या. ओझं तुमच्या अंदाजापेक्षा जास्तच निघणार.

आता बसा. तुमची पाळी.

ठोकळ्यावर जरा रंग, जरा खळ. घोड्याच्या केसांचा ब्रश गोल फिरवा, शेवटी हलक्या हाताने सरळ. ब्रशची टोकं शार्कच्या खरबरीत कातडीवर घासून मऊ केलेली असतात, म्हणून रंगात ब्रशच्या रेघा उमटत नाहीत. ठोकळ्याच्या खालच्या काठाला दोन खुणा कोरल्यात: उजव्या कोपऱ्यात काटकोनी खाच, डावीकडे सरळ. तावाचा उजवा कोपरा आधी खाचेत टेकवा, मग खालची कड डावीकडच्या खुणेला, मग ताव सोडा. नख रुतवू नका. दहा रंग असले तर हा ताव दहा वेळा असाच, याच खाचांत बसायचा. केसभर सरकला की झाडाची हिरवाई झाडाबाहेर.

आता कागद घासायचं बारेन घ्या. आपल्याकडचा बुरूड बांबूच्या कमट्यांवर जगतो. इथे त्याच्या कोंबावरचं वाळलेलं टरफलसुद्धा वाया जात नाही. त्याचीच बारीक दोरी वळून गुंडाळी केलेली, वरून टरफलाचंच आवरण. घासा. मनगटाने नव्हे, खांद्याने! कागद ओला, लाकूड ओलं, तुम्ही तर नखशिखांत ओले.

ताव उचला. रंगात पांढरे ठिपके. "तीळ," पोरगा म्हणतो आणि हसतो. खळ कमी पडली किंवा जोर कमी पडला. पुढच्या तावावर खळ जास्त, रेषा बुजल्या. त्याच्या पुढच्यावर नख रुतलं. उस्ताद ओरडत नाही, फक्त तुमची कोपरं धरून तुम्हाला पुढे झुकवतो. तेवढ्याने आवाज बदलतो: खस्स.

मग तो स्वतः बसतो. चित्रकार हिरोशिगेच्या तोकाइदो रस्त्यावरच्या चित्रमालिकेतला शोनो ठाण्याचा पाऊस: चढणीवर धावणारे पालखीवाले, मागे करड्या छटांतलं बांबूचं बन. तो ठोकळ्यावर ओलं फडकं फिरवतो, ब्रशच्या एकाच कडेला शाई घेतो आणि एकदा आडवा ओढतो. आभाळ वर काळं, खाली येता येता विरलेलं. लाकडात असं काहीच कोरलेलं नाही. ते दर तावाला नव्याने हाताने करायचं, 200 वेळा, आणि दर वेळी सारखं दिसलं पाहिजे. माझ्या मते या कलेतली सगळ्यात मोठी हुशारी हीच आहे. चित्रावर सही चित्रकाराची, शिक्का प्रकाशकाचा. छापणाऱ्याचं नाव सहसा कुठेच नसतं.

संध्याकाळी वाळलेले ताव दुकानात पोचवायला तुम्हीच जाता. निळे-काळे हात लपवत उभे राहता. दुकानदार पाऊस दोरीला लटकवतो. एक गिऱ्हाईक पंख्याने वारा घेत येतं, क्षणभर बघतं आणि विचारतं, "हे असू द्या हो, काबुकीतल्या नटाचं काही नवं आलंय का?"