संदर्भ : जागतिक उलथापालथ गुंतवणूकदारापर्यंत कशी पोहोचते

मुंबई : मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक ‘सेन्सेक्स’ २३ मार्च २०२० रोजी ३,९३४.७२ अंकांनी, म्हणजेच १३ टक्क्यांहून अधिक घसरून २५,९८१.२४ वर बंद झाला. सकाळी घसरण १० टक्क्यांवर पोहोचताच व्यवहार ४५ मिनिटे थांबवावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने करोना संसर्ग ही महासाथ असल्याचे जाहीर करून तेव्हा दोन आठवडेही उलटले नव्हते. दूरवरच्या घटनेचे पडसाद देशातील बचतीवर किती वेगाने उमटतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

धक्क्याचे मार्ग

जागतिक घडामोडी भारतीय बाजारात प्रामुख्याने तीन मार्गांनी येतात.

पहिला मार्ग परदेशी भांडवलाचा. संकटकाळी परदेशी गुंतवणूकदार उदयोन्मुख बाजारांतील पैसा काढून डॉलर, अमेरिकी सरकारी रोखे अशा सुरक्षित साधनांकडे वळतात. मार्च २०२० या एकाच महिन्यात त्यांनी भारतीय समभागांतून सुमारे ६२ हजार कोटी रुपये काढून घेतले.

दुसरा मार्ग खनिज तेलाचा. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केले, त्या दिवशी ब्रेंट तेलाच्या दराने २०१४ नंतर प्रथमच प्रतिपिंप १०० डॉलरची पातळी ओलांडली आणि सेन्सेक्स २,७०२.१५ अंकांनी कोसळला. तेल महागले की आयात खर्च व महागाई वाढते, रुपयावर ताण येतो आणि कंपन्यांचा नफा आक्रसतो.

तिसरा मार्ग व्याजदर व चलनाचा. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदी कमी करण्याचे संकेत मे २०१३ मध्ये दिले. तेव्हा प्रतिडॉलर ५५ रुपयांच्या आसपास असलेला दर २८ ऑगस्टपर्यंत ६८ रुपयांच्या पलीकडे गेला. व्याजदरवाढीची झळ रोख्यांनाही बसते. नवे रोखे अधिक व्याज देऊ लागल्यावर कमी व्याजाच्या जुन्या रोख्यांची किंमत उतरते. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. त्यामुळे समभागांपासून दूर राहून रोखे योजनांत पैसे ठेवणाऱ्यांनाही अस्थिरतेचा अनुभव आला.

बाजार कधी थांबतो

घबराटीला आवर घालण्यासाठी ‘सेबी’ने जुलै २००१ पासून संपूर्ण बाजारासाठी ‘सर्किट ब्रेकर’ची व्यवस्था लागू केली. सेन्सेक्स किंवा निफ्टी यांपैकी कोणताही एक निर्देशांक आदल्या दिवसाच्या बंद पातळीपासून १०, १५ किंवा २० टक्के वर वा खाली गेल्यास ती कार्यान्वित होते. दुपारी १ वाजण्यापूर्वी १० टक्क्यांची मर्यादा गाठली गेल्यास ४५ मिनिटांचा विराम मिळतो. २० टक्क्यांची मर्यादा केव्हाही गाठली गेल्यास त्या दिवसाचे व्यवहार संपतात. या विरामाने घसरण रद्द होत नाही, मात्र विचार करण्यास अवधी मिळतो. १३ मार्च २०२० रोजी सकाळी व्यवहार थांबले होते. त्याच दिवशी सेन्सेक्स अखेर १,३०० हून अधिक अंकांच्या वाढीसह बंद झाला.

अस्थिरतेचे मोजमाप

‘इंडिया व्हिक्स’ हा निर्देशांक निफ्टीच्या ऑप्शन व्यवहारांतील किमतींवरून पुढील ३० दिवसांतील चढ-उताराचा अंदाज व्यक्त करतो. बाजार वर जाईल की खाली, हे तो सांगत नाही. हेलकावे किती मोठे असू शकतील, एवढेच दर्शवतो. मार्च २०२० मध्ये तो ८० च्या वर गेला होता.

झळ कोणाला अधिक

एकाच घसरणीचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. उसनवारीवर किंवा मार्जिनवर व्यवहार करणाऱ्याला भाव उतरताच जादा रक्कम भरावी लागते. ती न भरल्यास दलाल त्याचे समभाग विकून टाकतो. बाजार सावरेपर्यंत थांबण्याचा पर्यायच त्याच्याकडे उरत नाही. निवृत्ती, शिक्षण किंवा घरखरेदीसाठी लवकरच पैसे लागणार असलेल्यांची स्थितीही अशीच अवघड होते.

नियमित मासिक गुंतवणूक करणाऱ्याचे गणित वेगळे असते. म्युच्युअल फंडाच्या युनिटचे मूल्य ५० रुपये असताना ५,००० रुपयांत १०० युनिट मिळतात. मूल्य ४० रुपयांवर आल्यास तेवढ्याच रकमेत १२५. अर्थात, त्याचा लाभ पुढे मूल्य वाढले तरच पदरी पडतो.

सावरण्याचा काळ

घसरण आणि भरपाई यांची टक्केवारी समान नसते. १०० रुपयांचे ५० झाल्यास मूळ पातळी गाठण्यासाठी १०० टक्के वाढ लागते. सेन्सेक्स जानेवारी २०२० मधील उच्चांकी बंद पातळीपासून २३ मार्चपर्यंत सुमारे ३८ टक्के घसरला. ती पातळी परत मिळवण्यासाठी सुमारे ६१ टक्के वाढ आवश्यक होती. ती नोव्हेंबर २०२० मध्ये पूर्ण झाली.

प्रत्येक वेळी असे घडत नाही. जानेवारी २००८ मधील उच्चांक जागतिक वित्तीय संकटात मागे पडला. नोव्हेंबर २०१० मध्ये बंद पातळीने तो ओलांडला, परंतु ती वाढ टिकली नाही. त्यानंतरचा नवा उच्चांक थेट २०१३ च्या अखेरीस नोंदला गेला. एका संकटातून बाजार आठ महिन्यांच्या आत सावरला, तर दुसऱ्यात जवळपास सहा वर्षे गेली. त्यामुळे गुंतवलेली रक्कम किती काळ लागणार नाही, हा प्रश्न बाजाराच्या पातळीइतकाच महत्त्वाचा ठरतो.