आला कर, गेला कर

१० मार्च २०२५ रोजी राज्याचा अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री अजित पवार यांनी करप्रस्तावांच्या भागात मोटारींविषयी तीन गोष्टी सांगितल्या. सीएनजी आणि एलपीजीवर चालणाऱ्या खासगी चारचाकींचा कर एक टक्क्याने वाढणार होता. एका वाहनावर घ्यावयाच्या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये होणार होती. आणि ३० लाखांहून महाग असलेल्या विजेवरच्या मोटारींवर ६ टक्के कर लागणार होता. पहिल्या दोन गोष्टी पुढे अमलात आल्या. तिसरी त्याच अधिवेशनात मागे पडली. या करातून फारसे उत्पन्न मिळणार नाही, उलट विजेवरच्या वाहतुकीबाबत सरकारच्या बांधिलकीविषयी चुकीचा संदेश जाईल, अशा आशयाचे उत्तर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत दिले. एक कर जन्माला येण्यापूर्वीच संपला.

वर्तमानपत्रांच्या दृष्टीने बातमी तेथे मिटली. गेली काही वर्षे अर्थसंकल्पीय भाषणे, शासन निर्णय आणि राजपत्र यांतून या करमाफीचा माग काढणाऱ्या मला मात्र या माघारीत तिचा सगळा इतिहास एकवटलेला दिसतो.

वाहनांवर कर बसवणे हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे. आपल्याकडे त्याचा आधार आहे १९५८ चा मोटार वाहन कर कायदा. तो केला द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधिमंडळाने. महाराष्ट्राने तो वारशाने घेतला. अशा करांमागची जुनी कल्पना साधी होती : रस्ता सरकारने बांधायचा आणि तो वापरणाऱ्याने त्याची भरपाई करायची. १९६२ मध्ये ‘ऑटोमोबाईल ट्रान्सपोर्ट विरुद्ध राजस्थान’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा करांना भरपाईस्वरूप मानले. २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ही मांडणी सोडून दिली. पण सामान्य माणूस आजही या कराला ‘रोड टॅक्स’च म्हणतो. विजेवरची मोटारही त्याच रस्त्यावरून धावते. तिला कर माफ करताना शासनाने कराचा हेतूच बदलला. रस्त्याच्या वापराची किंमत बाजूला राहिली आणि धुराला किंमत लागली.

या कायद्यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कर बसवायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, म्हणजे विधिमंडळाची संमती हवी. सूट देण्याचा अधिकार मात्र कायद्यानेच शासनाकडे सोपवला आहे. घेताना सभागृहाची वाट आणि सोडताना मंत्रालयाची, अशी ही विभागणी आहे. त्यामुळे माफीवर सभागृहात कराइतकी चर्चा सहसा होत नाही.

राज्याचे पहिले विद्युत वाहन धोरण फेब्रुवारी २०१८ मध्ये आले. त्यात रस्ताकर आणि नोंदणी शुल्क माफ होते. शिवाय पहिल्या एक लाख वाहनांना थेट अनुदान होते. जुलै २०२१ च्या दुसऱ्या धोरणाने मोटारींसाठीचा हिशोब बॅटरीच्या क्षमतेवर बसवला : दर किलोवॉट तासाला ५,००० रुपये, कमाल दीड लाख, आणि तेही पहिल्या १०,००० मोटारींना. लवकर खरेदी करणाऱ्यांना आणखी एक लाखापर्यंत सवलत होती. तिची मुदत डिसेंबर २०२१ ची होती, ती मार्च २०२२ पर्यंत वाढवली गेली. मे २०२५ च्या तिसऱ्या धोरणाने करमाफी मार्च २०३० पर्यंत नेली आणि अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग यांवरील टोलमाफीची तिच्यात भर घातली.

ही तिन्ही धोरणे शेजारी शेजारी ठेवली की एक फरक उठून दिसतो. अनुदानाला रकमेची मर्यादा होती आणि वाहनांच्या संख्येचीही. करमाफीला दोन्ही नव्हत्या. साधा हिशोब पाहू. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के एकरकमी कर लागतो. आठ लाखांची पेट्रोल मोटार घेणारे कुटुंब ८८ हजार रुपये भरते. चाळीस लाखांची पेट्रोल मोटार घेणारा १३ टक्क्यांनी ५ लाख २० हजार भरतो. तीच विजेवर चालणारी असेल तर शून्य. म्हणजे गाडी जितकी महाग तितकी माफी मोठी. दीड लाखाच्या पुढे मूळ अनुदान द्यायला जे शासन तयार नव्हते, तेच माफीच्या रूपाने पाच लाखांवर पाणी सोडत होते. अनुदानासाठी तिजोरीतून पैसे मोजावे लागतात, म्हणून ते डोळ्यांवर येते. न घेतलेला कर कोणाला दिसत नाही.

केंद्राच्या सवलतीतही हेच घडले. २०१९ च्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्याने खासगी मोटारींना थेट अनुदानातून वगळले. पण त्याच वर्षी प्राप्तिकरात ८० ईईबी हे कलम आले आणि विजेवरच्या वाहनासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट मिळू लागली. ही वजावट ३० टक्के दराने कर भरणाऱ्याला सर्वाधिक लाभाची आणि ज्याला प्राप्तिकरच लागत नाही त्याला निरुपयोगी. मार्च २०२३ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना तीही उरली नाही.

या पार्श्वभूमीवर ६ टक्क्यांचा प्रस्ताव मला अन्यायाचा वाटला नाही. तीस लाखांच्या पेट्रोल मोटारीवरील कराच्या तुलनेत तो निम्म्याहून कमी होता, म्हणजे सवलत शिल्लकच होती. शेजारच्या कर्नाटकाने २०२४ मध्ये अशीच रेषा २५ लाखांवर ओढली आणि तिच्यावरच्या मोटारींना १० टक्के कर लावला. तेथे आधी पूर्ण माफी होती. ती कायद्यात दुरुस्ती करून मर्यादित केली गेली.

मुख्यमंत्र्यांचा मुद्दाही पोकळ नव्हता. मोटार घेणारा पुढच्या सात-आठ वर्षांचा विचार करून पैसे गुंतवतो आणि कारखानदार त्याहून लांबचा. दर अर्थसंकल्पाला नियम हलू लागले तर कोणीच पाऊल उचलणार नाही. मात्र धोरण स्थिर ठेवायचे म्हणून ते सरसकटच ठेवले पाहिजे, असे नाही. दीड लाखाची मर्यादा अनुदानाला घालता येते, तशी माफीलाही घालता येईल. ती आधी जाहीर करावी, तिची मुदत सांगावी आणि विधेयकाच्या रूपाने सभागृहापुढे ठेवावी. मग तिला कोणी अचानक बसलेला कर म्हणणार नाही.

२०३० पर्यंत विजेवरच्या मोटारी वाढतील, तसतसा सोडून दिलेला करही वाढेल, आणि पेट्रोल-डिझेलवरच्या विक्रीकराचा ओघही आटेल. तेव्हा रस्त्यांचा खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न टाळता येणार नाही. ३१ मार्च २०३० ही तारीख शासन निर्णयात लिहिलेली आहे. त्या दिवशी चाळीस लाखांच्या मोटारवाल्याकडे पाहायचे की आठ लाखांच्या, हे आतापासूनच ठरवायला हवे. पंधरा दिवसांच्या घाईत ते ठरत नाही, हे आपण एकदा पाहिले आहे.