प्राथमिक शाळेतील संगणकशिक्षण आणि ऑनलाइन सुरक्षा

पहिली ते पाचवीच्या मुलांना संगणक हाताळायला, कामाच्या पायऱ्या लावून विचार करायला आणि इंटरनेटवर स्वतःला जपायला शिकवणारे शिक्षण. या तिन्ही गोष्टी एकाच तासात शिकवता येतात. महाराष्ट्रात मात्र यंत्रे आधी आली, जपणुकीचा धडा मागे राहिला.

केंद्राची २००४ची ‘आयसीटी’ (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजना माध्यमिक शाळांसाठी होती. प्राथमिकची उणीव शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी भरून काढायला घेतली. ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाड्याला संदीप गुंड यांनी लोकसहभागातून डिजिटल शाळा उभी केली, तर सोलापूरच्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. डिसले यांना २०२०चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला.

अभ्यासक्रमाचा सखोल विचार झाला तो मुंबईच्या आयआयटीत. प्रा. श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांच्या ‘कंप्युटर मस्ती’ या पुस्तकमालेत तेजस, ज्योती आणि मोझ यांच्या गोष्टींतून मूल पायरीपायरीने विचार करायला शिकते, पुढे स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतःचा प्रोग्रॅम रचते. इंग्लंडने सप्टेंबर २०१४पासून पाच वर्षांच्या मुलांनाही संगणनाचे धडे सुरू केले. खाजगी माहिती गुप्त ठेवणे आणि अडचणीत मदत कुठे मागायची हे ओळखणे, या गोष्टी तिथे पहिल्याच टप्प्यात येतात. आपल्याकडे हाच क्रम हवा.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर आला. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या पाड्यांवर आधी प्रश्न होता रेंजचा आणि फोनचा. जिथे फोन होता, तिथे तो बहुधा वडिलांचा. बँकेचे मेसेज आणि मुलाचा गृहपाठ एकाच पडद्यावर. म्हणून तिथल्या वर्गात सुरक्षेचा धडा संगणकाच्या खोलीपेक्षा या फोनपासून सुरू होणे रास्त. ओटीपी कुणाला सांगायचा नाही. गेममध्ये शाळेचे नाव द्यायचे नाही. अनोळखी माणसाने फोटो मागितला तर लगेच बाईंना किंवा आईला सांगायचे. यातले शेवटचे सर्वांत अवघड, कारण फोन काढून घेतील या भीतीने मुले गप्प बसतात. तेव्हा पालकसभेत मोठ्यांनाही बजावावे लागते: सांगणाऱ्या मुलावर रागवायचे नाही.

मुलांच्या लैंगिक शोषणाच्या ऑनलाइन साहित्याविरुद्ध माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब आणि २०१२चा पोक्सो कायदा आहे. मुलांसाठी १०९८ आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे मदत क्रमांक आहेत. तक्रार सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते.