इंजिनियरांची भोजनसभा : गोष्ठी, पंगत आणि इतिवृत्त

इंजिनियर लोकांचीं मंडळें ठराविक वारीं दुपारीं एकत्र जमतात, बरोबर जेवतात आणि जेवणानंतर निमंत्रित पाहुण्याचें व्याख्यान ऐकतात. ही चाल शहरोशहरीं इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिला कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. परंतु भोजन व व्याख्यान हीं दोन अंगें आपल्याकडे पूर्वापार एकत्र नव्हतीं. पंगत निराळी आणि सभा निराळी. त्यांचा संयोग कसा झाला, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. अशा सभेचें मोल वक्त्याच्या कीर्तीवरून ठरत नाहीं. पंगतीस कोण बसला आणि बोलणें कोणत्या भाषेंत झालें, या दोन गोष्टींवरून ठरतें, असें माझें मत झालें आहे. त्याचीं प्रमाणें पुढें देतों.

आरंभ आपल्या प्राचीन गोष्ठीपासून करणें योग्य. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत नागरकाच्या दिनचर्येबरोबर गोष्ठीचें वर्णन आलें आहे. विद्या, बुद्धि, शील, वित्त आणि वय यांनीं समान असलेल्यांनीं एकत्र बसावें, काव्याच्या व कलांच्या समस्यांची चर्चा करावी, असें तिचें स्वरूप. एकमेकांच्या घरीं पानोत्सव करण्याचा उल्लेखहि तेथेंच आहे. त्यांत एक सूचना फार मार्मिक आहे : गोष्ठींत केवळ संस्कृतांतच बोलूं नये आणि केवळ देशभाषेंतहि बोलूं नये, जो हें साधतो तो लोकांत मान्य होतो. आमच्या वाशीमकरांना या विषयाचें अगत्य असण्यास आणखी एक कारण आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. आणि राजशेखरानें काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह लाविला तो याच वत्सगुल्मांत. मात्र त्या गोष्ठीचें वैगुण्यहि लपविण्याचें कारण नाहीं. 'समान' असलेल्यांनाच तींत आसन होतें. वास्तु उभारणारा स्थपति किंवा पाथरवट तींत बसत असे असें त्या वर्णनावरून दिसत नाहीं.

इंजिनियरांच्या सहभोजनाची परंपरा इंग्लंडांतून आली. १७७१ सालीं लंडनमधील एका खाणावळींत कांहीं इंजिनियरांनीं आपली मंडळी स्थापिली. एडिस्टन येथील दीपगृह बांधणारा जॉन स्मीटन हा तिचा प्रमुख घटक असून, त्याच्या मृत्यूनंतर ती त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. कालवे, बंदर, पूल यांच्या कामांत परस्परांविरुद्ध साक्ष देणाऱ्यांनीं निदान जेवतांना तरी स्नेहानें बसावें, हा त्यांतील भाव होता. पुढें २ जानेवारी १८१८ रोजीं कांहीं तरुण इंजिनियर लंडनच्या एका कॉफीगृहांत जमले व त्यांतून तेथील सिव्हिल इंजिनियरांची मोठी संस्था निघाली. शिकागोस १९०५ सालीं रोटरी मंडळाची पहिली बैठक झाली, तीहि गस्टाव्हस लोअर या खाणींच्या इंजिनियराच्या कचेरींत. जेवण आणि त्यावर व्याख्यान हा क्रम जगभर रूढ करण्यांत त्या मंडळाचा वांटा मोठा आहे. कलकत्त्यास तें १९२० च्या आरंभापर्यंत व मुंबईस १९२९ सालीं पोंचलें.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. व्याख्यानाची आवड आपल्याकडे नवी नव्हती. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यास १८७५ सालीं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ऐकण्यास सर्वांनीं एका मंडपांत बसावें, याला कोणाची हरकत नव्हती. खरी अडचण पानाची होती. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें गोपाळराव जोशी यांनीं घडवून आणलेल्या मेळाव्यांत चहाबिस्किटें पुढें आलीं. हजर असलेल्यांचीं नांवें 'पुणेंवैभव' पत्रांत छापून आलीं आणि ग्रामण्याचें वादळ उठलें. रानडे, टिळक, गोखले यांसारख्या मंडळींचीं नांवें त्या यादींत होतीं. स्वतः रानड्यांना पुढें प्रायश्चित्त घ्यावें लागलें. म्हणजे व्याख्यान ऐकल्यानें कोणी वाळींत पडत नव्हता. त्याबरोबर एक पेला चहा घेतला कीं पडत होता.

या पार्श्वभूमीवर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचें कार्य पाहिलें पाहिजे. पुण्याच्या कॉलेजांतून १८८३ सालीं इंजिनियरीची परीक्षा पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण होऊन ते १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत शिरले व नाशिक, खानदेश, पुणें येथें त्यांनीं कामें केलीं. खडकवासल्याच्या धरणावरील त्यांचीं आपोआप उघडणारीं दारें प्रसिद्धच आहेत. पण पुण्यांत त्यांनीं रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, गोखले यांच्या साह्यानें डेक्कन क्लब उभारण्यांत भाग घेतला, ही गोष्ट मागें पडली आहे. रानडे १९०१ च्या जानेवारींत निवर्तले; अर्थात् क्लब त्यापूर्वींचा. ज्या पुढाऱ्यांची नांवें चहाच्या यादींत होतीं, त्यांपैकींच कांहींजण एका इंजिनियराबरोबर मोकळेपणानें बसण्याउठण्याची जागा निर्माण करितात, हा योगायोग मला वाटत नाहीं. पुढें म्हैसूरचे दिवाण असतांना १९१७ सालीं त्यांनीं बंगलोरास सेंचुरी क्लब स्थापिला. अखिल देशाची इंजिनियरांची संस्था १९२० सालीं मद्रासेस नोंदली गेली आणि १९३५ सालीं तिला राजसनद मिळाली. पंगतीचा प्रश्न याप्रमाणें हळूहळू सुटत गेला.

भाषेचा प्रश्न मात्र उलट दिशेनें गेला. १८२३ सालीं मुंबईस निघालेल्या इंजिनियर शाळेचे प्रमुख जॉर्ज जर्व्हिस हे मुलांना मराठींतून व गुजराथींतून शिकवीत. त्यासाठीं त्यांनीं गणिताचीं पुस्तकें मराठींत तयार करविलीं. १८४७-४८ च्या सुमारास शिक्षणमंडळांत एर्स्किन पेरी इंग्रजीचा कैवार घेत असतां हेच जर्व्हिस देशभाषांच्या बाजूनें उभे राहिले. त्यांचें चाललें नाहीं. पुण्यास १८५४ सालीं बांधकामाकडील कनिष्ठ अधिकारी तयार करण्यासाठीं वर्ग निघाला. पुढें तो विद्यापीठास जोडला गेला आणि इंजिनियरी ही इंग्रजीची मिरासदारी झाली. मराठी विज्ञान परिषद १९६६ सालीं निघाली, तोंवर मधलें शतक उलटून गेलें होतें.

या दोन्ही प्रश्नांची गांठ मला एकदां प्रत्यक्ष पडली. एका शहरांतील इंजिनियर मंडळानें संस्कृतांतील वास्तुविषयक शब्दांवर बोलण्यासाठीं मला दुपारच्या भोजनसभेस बोलाविलें. सोबतीस मेडशीचा एक वृद्ध गवंडी होता. त्यास आग्रहानें माझ्या शेजारीं बसविण्यांत आलें, हें मला मुद्दाम नमूद केलें पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीं तें घडलें नसतें. माझें व्याख्यान संपल्यावर चर्चा इंग्रजींत सुरू झाली. विषय निघाला काळ्या जमिनींतील भिंतींना तडे जाण्याचा. मीं तो गवंड्यास मराठींत सांगितला. तो म्हणाला, "पानी काळीले फुगवते, उन्हानं ते फाटते, मुरूम लागेलोक खंदा, मंगच पाया भरा." नंतर विटांचा चुरा घालून घाणींत चुना कसा मळीत, तो पाण्यांतहि कसा धरतो, हें त्यानें सांगितलें. सभेंतील सर्वांत उपयुक्त बोलणें तें होतें, असें अध्यक्षांनींच उठून कबूल केलें. महिन्याभरानें छापील इतिवृत्त आलें. त्यांत माझें नांव, पदवी, व्याख्यानाचा सारांश, आभार सर्व होतें. गवंड्याचें नांव नव्हतें आणि त्याच्या बोलण्याची एक ओळहि नव्हती.

त्यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. चर्चा इंग्रजींत लिहून घेण्याची रीत होती आणि त्याचें बोलणें त्या रीतींत बसलें नाहीं, इतकेंच. तो गवंडी आतां हयात नाहीं. पुढचा संशोधक तें इतिवृत्त पाहील तेव्हां काळ्या जमिनीविषयीं त्या दिवशीं कोणी कांहींच बोललें नाहीं असें अनुमान काढील, आणि त्याचें अनुमान कागदाच्या आधारानें निर्दोष ठरेल!

आपण बखरी व दानपत्रें जपतों, तशींच अशा मंडळांचीं इतिवृत्तें, निमंत्रणपत्रें व वक्त्यांच्या याद्या जपल्या पाहिजेत; त्या मिळवून मंडळांच्या दप्तरीं ठेवण्याचें काम संशोधकांनीं हातीं घ्यावें. आणि इंजिनियर मंडळांच्या चिटणीसांस विनंति इतकीच कीं, जो जेवला त्याचें नांव लिहावें, जो बोलला त्याचें बोलणें त्याच्याच भाषेंत लिहावें. पान मांडण्यास आपल्याला फार दिवस लागले. लेखणी उचलण्यास तितके लागूं नयेत.