रॉबर्टसन, ॲलिस मेरी

(२ जानेवारी १८५४–१ जुलै १९३१). अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाची सभासद, शिक्षिका व उपाहारगृहचालक. जीनेट रँकिननंतर काँग्रेसवर निवडून आलेली ही दुसरी स्त्री. जन्म क्रीक जमातीच्या प्रदेशातील (सध्याचे ओक्लाहोमा राज्य) टुलाहासी मिशनमध्ये. वडील विल्यम व आई ॲन एलायझा दोघेही मिशनरी. आईने बायबलच्या नव्या कराराचे क्रीक भाषेत भाषांतर केले. आईचे वडील सॅम्युअल वूस्टर यांचे नाव चेरोकींच्या हक्कांसंबंधीच्या १८३२ च्या सर्वोच्च न्यायालयातील खटल्यामुळे परिचित आहे.

न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा महाविद्यालयात शिकल्यावर १८७३ मध्ये ती वॉशिंग्टन येथे इंडियन व्यवहार खात्यात कारकून झाली. पुढे पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल शाळेत नोकरी. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ‘सुधारण्याच्या’ अशा शाळांच्या धोरणावर आज कडक टीका होते. १८८५ पासून तिने मस्कोगी येथे मुलींची निवासी शाळा चालवली. या शाळेतूनच हेन्री केंडल कॉलेज व कालांतराने टल्सा विद्यापीठ उभे राहिले. नंतर ती क्रीक शाळांची पर्यवेक्षक होती. १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिला मस्कोगीची पोस्टमास्तर नेमले. या पदावर ती १९१३ पर्यंत होती.

तिच्या चरित्रात उपाहारगृहाच्या व्यवसायाला सहसा एखाददुसरे वाक्य मिळते. हे योग्य नाही, कारण तिचे राजकारण ‘सावोक्ला’ या कॅफेटेरियातच उभे राहिले. गावाबाहेर तिची शेती व दुभती जनावरे होती आणि तिथला माल मस्कोगीतल्या या उपाहारगृहात वापरला जाई. पहिल्या महायुद्धात गावावरून जाणाऱ्या सैनिकांना रेल्वे स्थानकावर खाऊ घालण्याचे कामही तिने अंगावर घेतले. १९२० मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, रिपब्लिकन पक्षातर्फे ती निवडणुकीला उभी राहिली. सभा गाजवणे तिला जमत नसे. जेवायला आलेल्या गिऱ्हाइकांशी टेबलापाशी जाऊन बोलणे हाच प्रचार. वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींच्या रकान्यात ती पैसे भरून मजकूर देई. त्यात त्या दिवशीचे पदार्थ आणि स्वतःची मते शेजारीशेजारी असत. सूप वाचणाऱ्याने राजकारणही वाचावे, अशी ही सोय. डेमोक्रॅट प्रतिनिधी विल्यम हेस्टिंग्ज यांचा तिने अवघ्या २२८ मतांनी पराभव केला. त्या वर्षी अध्यक्षपदाच्या लढतीतही ओक्लाहोमाने रिपब्लिकन हार्डिंग यांना कौल दिला होता, हेही लक्षात घ्यावे लागते.

ती स्त्री-मताधिकाराची विरोधक होती. ओक्लाहोमातील मताधिकारविरोधी संघटनेत तिने पद भूषवले होते, तरी स्त्रियांना देशभर मत मिळाल्यावरच्या पहिल्याच निवडणुकीत ती स्वतः उभी राहिली. काँग्रेसमध्येही तिने स्त्री संघटनांची निराशा केली. माता व अर्भकांच्या आरोग्यासाठी केंद्राने निधी देण्याचे शेपर्ड–टाउनर विधेयक (१९२१) तिला घरगुती बाबींतील सरकारी हस्तक्षेप वाटले व तिने त्याला विरोध केला. २० जून १९२१ रोजी तिने थोडा वेळ सभागृहाचे कामकाज चालवले. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. समित्या : इंडियन व्यवहार, अंतर्गत व्यवहार खात्याचा खर्च, स्त्री मताधिकार.

माजी सैनिकांना बोनस देण्यासही तिने विरोध केला. स्थानकावर ज्यांना जेवू घातले त्यांनाच हा नकार, त्यामुळे मतदारसंघात रोष झाला आणि १९२२ मध्ये हेस्टिंग्ज यांनी जागा परत मिळवली. पराभवाची इतर कारणेही सांगितली जातात.

१९२३ मध्ये मस्कोगीतील माजी सैनिकांच्या रुग्णालयात कल्याण अधिकारी म्हणून नेमणूक. १९२५ मध्ये घर आगीत नष्ट. मस्कोगी येथेच निधन. तिची कागदपत्रे टल्सा विद्यापीठात जतन केली आहेत. ओक्लाहोमातून प्रतिनिधिगृहावर दुसरी स्त्री, मेरी फॉलिन, २००६ मध्ये निवडून आली.