कोल्हापुरात पोरगं चालायला लागायच्या आधीच त्याची फुटबॉल टीम ठरलेली असते

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पोराच्या हातात पहिल्यांदा प्लॅस्टिकची बॅट येते. कोल्हापूरच्या जुन्या पेठांत मात्र फुटबॉल येतो. त्याच्यासोबत एक टीमही येते, आणि ती निवडायची नसते. घर ज्या गल्लीत, ती टीम आपली. शिवाजी पेठेत घर असेल तर शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा किंवा संध्यामठ. मंगळवार पेठेत असेल तर पाटाकडील किंवा बालगोपाल. याशिवाय दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी आहेतच. आजोबा जिच्या नावानं ओरडले, तिच्याच नावानं नातू ओरडतो. विषय संपला.

मेस्सीचा फॅन होणं वेगळं आणि पाटाकडीलचा असणं वेगळं. पहिल्यात आवड असते, दुसऱ्यात पत्ता असतो. घरच्या आठवणी या टीमला इतक्या घट्ट का चिकटतात, याचं उत्तर बरंचसं इथंच आहे.

आता प्रश्न पडेल की फुटबॉल टीमच्या नावात 'तालीम' कशी आली?

तर कोल्हापूर मुळात कुस्तीचं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. पेठापेठांत तालमी होत्याच. पण तालीम म्हणजे फक्त लाल मातीचा हौद नव्हे. गल्लीतला गणपती तिथं बसतो, शिवजयंतीची बैठक तिथं होते, कुणाच्या घरात अडचण आली की पहिली माणसं तिथूनच धावतात. महापुरातही या मंडळांची पोरं मदतीला उतरलेली लोकांनी पाहिली आहेत. फुटबॉल कोल्हापुरात रुजला तेव्हा टीम बांधायला वेगळा क्लब काढायची गरजच पडली नाही. राजाराम महाराजांच्या काळात, १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे केएसए स्थापन झाली. आजही शहरातली लीग केएसएच भरवते. वरिष्ठ गटात १६ संघ, सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर. दिवाळीनंतर हंगामाचं वारं वाहू लागतं आणि लीग संपली की उन्हाळ्यापर्यंत नॉकआउट स्पर्धा चालतात.

म्हणजे एका घराच्या कॅलेंडरवर दरवर्षी पाच-सहा महिने फुटबॉल असतो. तेच मैदान आणि गॅलरीतली शक्यतो तीच जागा. आधी आजोबांचं बोट धरून, मग बापाच्या गाडीवर पुढे बसून, मग दोस्तांबरोबर. आठवण टिकायला आणखी काय लागतं? जागा बदलत नाही, माणसं बदलत जातात. म्हणून गॅलरीच्या त्या पायरीवर बसलं की शेजारी नसलेला माणूसही आठवतो.

यामागे थोडं विज्ञानही आहे. माणसाला आयुष्यातल्या सगळ्या काळांच्या आठवणी सारख्या येत नाहीत. साधारण दहा ते तीस या वयातलं सगळ्यात जास्त लक्षात राहतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना जगातले पाच सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडायला सांगितले होते. लोकांनी प्रामुख्यानं कुणाला निवडलं? तर ते स्वतः सतरा वर्षांच्या आसपास असताना ज्यांची कारकीर्द भरात होती, त्यांना. पेले भारी की मॅराडोना, या वादात खरं तर दोन माणसांच्या तरुणपणाचं भांडण असतं.

हेच कोल्हापूरच्या घरात जेवताना चालतं. तालमीचा आजवरचा सगळ्यात भारी स्ट्रायकर कोण, असं नुसतं विचारून बघा. आजोबा एक नाव घेतील, बाप दुसरं, पोरगं तिसरं. तिघंही ठाम. वाद मिटत नाही, आणि तो मिटवायचाही नसतो, कारण या वादातच नातवाला आजोबा सतरा वर्षांचे असताना कसे होते ते कळतं. एरवी कुठला आजोबा आपल्या सतराव्या वर्षाबद्दल बोलतो? अभ्यासाबद्दल बोलतील, गरिबीबद्दल बोलतील. शाळा बुडवून मॅचला गेल्याचं फक्त फुटबॉलचा विषय निघाल्यावरच बाहेर येतं.

मानसशास्त्रज्ञ रॉबिन फिवुश आणि मार्शल ड्यूक यांनी अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात यावर बराच अभ्यास केला. त्यांनी मुलांसाठी घराबद्दलचे वीस साधे प्रश्न तयार केले होते. आईवडील कुठे वाढले, त्यांची भेट कशी झाली, अशा प्रकारचे. ज्या मुलांना घरच्या जास्त गोष्टी माहीत होत्या, त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त असल्याचं त्यांना दिसलं. गोष्टी सांगितल्या की पोरं आपोआप खंबीर होतात असा याचा अर्थ नाही. ज्या घरात गप्पा होतात, तिथं बाकीच्याही चार गोष्टी बऱ्या असतात. पण गप्पांना निमित्त लागतं, आणि ते पेठेची टीम दरवर्षी न चुकता पुरवते.

घरात सगळे एकाच टीमचे असतील असंही नाही. लग्न होऊन दुसऱ्या पेठेतून आलेली सून माहेरची टीम सोडत नाही. मग भाच्याला मामा आपल्या गॅलरीत ओढतो आणि काका आपल्या. दोन्ही तालमी समोरासमोर आल्या की चहाच्या कपावरही टोमणे चालतात. हरलेल्या बाजूचा फोन त्या रात्री लागत नाही.

पण या सगळ्याला दृष्ट लागावी अशी एक बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. तगड्या मॅचला हुल्लडबाजी होते. शिव्या, बाटल्या, दगड, कधी मैदानाबाहेरची मारामारी. बंदोबस्तासाठी पोलीस लागतात. अशा वेळी सगळ्यात आधी गॅलरीतून कोण गायब होतं? लहान पोरं, बायका आणि म्हातारी माणसं. ज्यांच्यामुळे ही साखळी चालते नेमके तेच. बापानं पोराला 'टीव्हीवर बघ' म्हणून चार हंगाम घरी ठेवलं, तर ते पोरगं मोठेपणी चेल्सीचा फॅन होईल, पण पेठेचा होणार नाही. चार टवाळांना पेठेचं प्रेम म्हणजे समोरच्याचं डोकं फोडणं वाटतं, आणि त्याची किंमत शेजारच्या घरातलं नऊ वर्षांचं पोरगं मोजतं.

दुसरी कुरकूर बाहेरच्या खेळाडूंची. स्पर्धा वाढली तसे संघांनी परगावचे, अगदी नायजेरियाचेही खेळाडू आणले. खेळाचा दर्जा वाढला हे खरंच. जुन्या माणसांचं म्हणणं एवढंच, की पूर्वी गोल मारणारा पोरगा दुसऱ्या दिवशी दुकानात दूध घ्यायला भेटायचा.

अर्थात गल्लीतून वर जायचा रस्ता बंद झालेला नाही. २०१७ मध्ये भारत पहिल्यांदा फिफाच्या वर्ल्डकपमध्ये, १७ वर्षांखालील गटात खेळला, तेव्हा त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या ऑक्टोबरात कोल्हापूरच्या घराघरांत कुठल्याही पेठेचा माणूस एकाच पोरासाठी टीव्हीपुढे बसला होता.

जगात असं फक्त कोल्हापुरातच होतं असं नाही. अमेरिकेत ग्रीन बे नावाचं जेमतेम लाखभर वस्तीचं शहर आहे. तिथला पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ कुठल्या शेठचा नाही. १९२३ पासून त्याचे शेअर लोकांकडे आहेत. हंगामी तिकिटांची वेटिंग लिस्ट लाखाच्या वर, त्यामुळे लोक जन्मलेल्या बाळाचं नाव यादीत घालतात आणि हातातली तिकिटं मुलांच्या नावे करून जातात.

कोल्हापुरात तिकिटासाठी इतकं थांबावं लागत नाही. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशात गेलेल्यांची अडचण वेगळी, त्यांना गॅलरीच मिळत नाही. हल्ली सामने यूट्यूबवर लाइव्ह दिसतात, म्हणून हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये मोबाईल उभा करून मॅच बघणारे बरेच आहेत. गोल झाला की पहिला फोन गावाकडे जातो. आणि बऱ्याचदा तो उचलला जात नाही, कारण तिकडे वडील गॅलरीत उभे राहून ओरडत असतात.